मोटरचा पाय आप्पांना चालेल का?

प्रश्न : आमचं गाव शिंदखेड्याजवळ. वडील (आम्ही त्यांना आप्पा म्हणतो) ५६ वर्षांचे आहेत, कोरडवाहू कापूस आणि बाजरी करतात. गेल्या वर्षी नरडाण्याजवळ महामार्गावर ट्रकने त्यांच्या मोटरसायकलला धडक दिली आणि उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. एका शिबिरात कृत्रिम पाय मिळाला. तो घालून गल्लीत फिरतात, पण बाजेवरून उठताना कुणाचा तरी हात लागतो. एसटी चढता येत नाही. शेतात गेले की तासाभरात पाय काढून बांधावर बसतात. पुतण्याने मोबाइलवर मोटरचा पाय दाखवला, त्यात माणूस जिना सरळ चढून जातो. तेव्हापासून आप्पांचं एकच चाललंय, "माले हाऊच पाय पाहिजे." एक एकर विकून घेऊन द्यावा असा घरात विचार आहे. हा पाय खरोखर रोजच्या कामाला उपयोगी पडतो का, आणि ते आधी कसं तपासायचं?
एक वाचक, ता. शिंदखेडा

उत्तर : भाऊ, जमिनीचं आधी सांगतो. एकर आत्ता विकू नका. मोटरचा पाय वाईट असतो म्हणून नव्हे, तर तो आप्पांनी अजून एकदाही घालून पाहिलेला नाही म्हणून. शिवाय तुम्ही लिहिलेल्या तीन अडचणींपैकी शेतातली अडचण मला गुडघ्याची वाटतच नाही. ती सॉकेटची दिसते, आणि तिचा इलाज बराच स्वस्त आहे.

आधी व्हिडिओतल्या पायाबद्दल. 'रोबोटिक', 'बायोनिक', 'स्मार्ट' अशा नावांखाली दोन वेगळ्या वस्तू दाखवल्या जातात. दोन्हींत बॅटरी असते, दोन्ही चार्ज कराव्या लागतात, त्यामुळे घरच्यांची गल्लत होते. पहिली वस्तू म्हणजे मायक्रोप्रोसेसरचा गुडघा. ओटोबॉक या जर्मन कंपनीने १९९७मध्ये आणलेला सी-लेग हा त्यातला सर्वांत गाजलेला. त्यातले सेन्सर सेकंदाला ५० वेळा गुडघ्याचा कोन आणि पायावरचा भार मोजत, आणि त्याप्रमाणे आतल्या तेलाच्या सिलिंडरमधला अडसर कमीजास्त होई. पाय ठेचकाळला की असा गुडघा झटकन घट्ट होतो आणि माणूस सावरतो. उतारावर तो सावकाश वाकत वजन पेलतो. पण तो माणसाला वर उचलत नाही. उचलणारा गुडघा ही दुसरी वस्तू. ओसुर या आइसलंडच्या कंपनीचा 'पॉवर नी' हा बाजारात आलेला पहिला मोटरचा गुडघा, २००६च्या सुमाराचा. पहिल्या प्रकारात गाडीला फक्त चांगला ब्रेक असतो, दुसऱ्यात इंजिनही असतं. विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा : खुर्चीतून उठताना हा गुडघा स्वतः जोर लावतो का? उत्तर गुळमुळीत आलं तर तो पहिल्या प्रकारचा आहे असं समजा.

आप्पांना बाजेवरून उठायला हात का लागतो, ते यावरून कळेल. आपण उठतो तेव्हा दोन्ही मांड्यांचे स्नायू गुडघे सरळ करतात आणि सगळं धड वर जातं. मांडीतून पाय गेला की त्या बाजूचा हा जोर संपतो. साधा कृत्रिम गुडघा उभं राहिल्यावर आधार देतो, पण उभं करत नाही. मग सगळं काम डाव्या पायावर, कमरेवर आणि दोन्ही हातांवर येतं. चालण्याचंही तसंच. मांडीतून पाय गेलेल्या माणसाला तेवढंच अंतर कापायला साधारण दीडपटीहून जास्त शक्ती लागते, आणि तो आपोआप चाल कमी करून ती वाचवतो. आप्पा हळू चालतात म्हणून त्यांच्यावर कुणी चिडत असेल तर हे त्याला जरूर सांगा.

तेव्हा मोटरची कल्पना योग्य जागी बोट ठेवते, यात शंका नाही. पण रोजच्या वापरात ती किती उतरते, हे तपासणारा अभ्यास व्हिडिओइतका उत्साही नाही. एक उदाहरण देतो. ह्यू हर हे अमेरिकेतले गिर्यारोहक. १९८२मध्ये हिमवादळात अडकून त्यांचे दोन्ही पाय गेले. पुढे एमआयटीत त्यांनी मोटरचा घोटा तयार केला, जो पाऊल उचलताना माणसाला पुढे ढकलतो. २०१२मध्ये त्यांच्या गटाने गुडघ्याखाली पाय गेलेल्या सात जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना चालायला लागणारी शक्ती सुमारे ८ टक्क्यांनी कमी झाली आणि चालीचा वेग धडधाकट माणसाच्या जवळ गेला. ही मोठीच गोष्ट होती. मग २०१८मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच घोटा दवाखान्यात बसवतात तसा दहा जणांना बसवून पाहिला, तेव्हा सरसकट फायदा दिसला नाही. जे मुळातच खूप चालते-फिरते होते त्यांना तो जास्त लाभण्याची शक्यता दिसली. मोटरच्या गुडघ्याच्या पहिल्या पिढीचंही असंच झालं. जिना चढताना गुडघ्याने जोर लावला खरा, पण शाबूत पायावरचा भार अपेक्षेइतका उतरला नाही.

मोबाइलवर जिन्याचे व्हिडिओ बरेच फिरतात. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध प्रसंग शिकागोचा. २०१२च्या नोव्हेंबरमध्ये झॅक वॉटर नावाचा गृहस्थ संशोधकांनी बनवलेला मोटरचा पाय घालून विलिस टॉवरचे १०३ मजले चढून गेला. मांडीतल्या स्नायूंचे विद्युतसंदेश वाचून तो पाय चालत होता. पण त्या पायामागे अभियंत्यांचा अख्खा चमू उभा होता, आणि त्या जिन्याच्या सगळ्या पायऱ्या एकाच उंचीच्या, कोरड्या आणि कठड्याच्या होत्या. आपल्याकडे धाब्यावर जाणारी शिडी तशी नसते, एसटीची पहिली पायरी तर नसतेच.

म्हणून माझं म्हणणं असं, की पाय आप्पांच्या दिवसावर तपासा. दवाखान्यात दोन चाचण्या ठरलेल्या असतात. एकीत खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, आणि किती सेकंद लागले ते पाहायचं. दुसरीत सहा मिनिटांत किती अंतर कापलं ते मोजायचं. दोन्ही चांगल्या आहेत, करून घ्या, आकडे लिहून ठेवा. पण त्या गुळगुळीत फरशीवर होतात आणि खुर्चीला हात असतात. आप्पांच्या दिवसात काय काय आहे? पहाटे अंधारात बाजेवरून उठणं. संडासला जाणं, आणि तो उकिडवं बसायचा असेल तर खाली बसून परत उठणं. जेवायला मांडी घालणं. ओट्याच्या पायऱ्या, ज्यांतली एक हमखास उंच असते. शेतापर्यंतची गाडीवाट, तिच्यातल्या चाकोऱ्या. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, जो पावलाला धरून ठेवतो. कापसाच्या सऱ्यांमधून आडवं चालणं. दोंडाईच्याच्या बाजाराला जायचं तर एसटी. आणि मार्च ते जूनचं आपल्याकडचं ऊन.

यातली उन्हाची गोष्ट जरा तपशिलाने सांगतो, कारण आप्पा तासाभरात पाय काढून बसतात त्याचं उत्तर मला तिथेच दिसतं. उरलेली मांडी ज्या पेल्यात बसते त्याला सॉकेट म्हणतात. ४२-४३ अंशांत त्यात घाम साचतो, मांडी निसरडी होते, पाय आत वरखाली सरकू लागतो आणि कातडी घासते. शिवाय ऑपरेशननंतर पहिल्या वर्षात उरलेली मांडी आटत जाते. शिबिरात ज्या मापाचा सॉकेट मिळाला त्या मापाची मांडी आता राहिलेली नसते. मग पाय सैल होतो, माणूस कमरेतून झोका देऊन तो पुढे फेकतो, आणि तासाभरात थकतो. आज संध्याकाळी एवढं करा. आप्पांनी पाय काढला की लगेच मांडीची कातडी चांगल्या उजेडात बघा. खालच्या टोकाला, जांघेत आणि बाहेरच्या बाजूला कुठे लाल झालंय ते पाहा. दहा-पंधरा मिनिटांत लाली गेली तर ठीक. तशीच राहिली, फोड आला किंवा कातडी सोलवटली असेल, तर सॉकेट बदलायची वेळ झाली आहे. मोजे किती घालावे लागतात तेही विचारा. आधी एक पुरायचा आणि आता दोन-तीन घालूनही पाय सैल वाटत असेल तर तोच अर्थ.

अशा सॉकेटवर जगातला सर्वांत महाग गुडघा लावला तरी तो घासणारच, उलट जास्त घासेल. मोटरचा गुडघा मोटर आणि बॅटरीमुळे जड असतो. पॉवर नीची नवी आवृत्तीही २.७ किलोच्या आसपास आहे, आणि हे नुसत्या गुडघ्याचं वजन, सॉकेट आणि पाऊल वेगळं. तुलनेला, इस्रोने केलेला गुडघा १.६ किलोचा होता. स्वतःचा पाय याहून जड असतो हे खरं, पण तो हाडाला जोडलेला असतो. कृत्रिम पाय मऊ मांसावर लटकतो, त्यामुळे प्रत्येक ग्रॅम जाणवतो.

इस्रोचा उल्लेख आला, तर तेही सांगतो, कारण त्याचेही व्हिडिओ फिरतात. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राने केलेल्या या गुडघ्याची घोषणा सप्टेंबर २०२२मध्ये झाली. मांडीतून पाय गेलेली एक व्यक्ती तो लावून थोड्याशा आधाराने सुमारे १०० मीटर कॉरिडॉरमध्ये चालली. परदेशी मायक्रोप्रोसेसर गुडघे तेव्हा १० ते ६० लाखांना पडत होते, आणि हा चार-पाच लाखांत देता येईल असा अंदाज इस्रोने सांगितला होता. पण लक्षात घ्या, हा पहिल्या प्रकारचा गुडघा आहे, तोल सावरणारा. मोटरचे गुडघे किमतीत याहून खाली येत नाहीत. तुमच्या एकराची किंमत या आकड्यांशेजारी ठेवून पाहा.

मग साध्या पायात आप्पांसाठी काही नाही का? आहे, आणि बरंच आहे. जयपूर फूट तर तुम्हाला माहीतच असेल. १९६८च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडवला, आणि सेठींना १९८१मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याआधीची विलायती पावलं बुटात घालायची असत, पाण्यात भिजली की खराब होत आणि उकिडवं बसू देत नसत. जयपूरचं रबरी पाऊल अनवाणी चालतं, चिखलात जातं, खाली बसताना घोट्यात वाकतं. आपल्या माणसाचा दिवस समोर ठेवून बनवलेली ती वस्तू आहे, आणि एवढ्या वर्षांनंतरही मी ती मोडीत काढायला तयार नाही. गुडघ्याचंही तसंच. आयआयटी मद्रासने २०२२मध्ये 'कदम' नावाचा अनेक सांध्यांचा यांत्रिक गुडघा आणला. तो १६० अंशांपर्यंत वाकतो, त्यामुळे बस-रिक्षाच्या अडचणीच्या जागेत बसता येतं. त्यात बॅटरी नाही, म्हणजे गावातला डीपी जळाला आणि दोन दिवस लाइट नसली तरी पाय चालू. मांडी घालून बसण्यासाठी गुडघ्याच्या वर फिरणारा एक जोड बसवून मिळतो. बटण दाबलं की नडगी आडवी वळते आणि मांडी घालता येते. शिबिरातल्या पायात तो बहुधा नसतो, पण सॉकेट नवा करताना मागून घेता येतो. जेवणाच्या पंगतीत बसता येणं ही आप्पांच्या वयाच्या माणसाला किती मोठी गोष्ट वाटते, हे डॉक्टर विचारत नाहीत. तुम्ही विचारा.

म्हणून माझा क्रम असा आहे. सर्वांत आधी नवा सॉकेट, त्याच्या जोडीला दोन-तीन महिने मांडीचे, कमरेचे आणि डाव्या पायाचे व्यायाम. मुंबईत हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वास संस्था आहे, केंद्र सरकारची, १९५५पासूनची. तिथे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि पाय बनवणारे एकाच छताखाली भेटतात. पुण्यात वानवडीला लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४पासून आहे, पण ते मुळात सैनिकांसाठीचं. घरात कुणी फौजेत असेल तर तिथे चौकशी करा. जाताना एक मोबाइल व्हिडिओ न्या : आप्पा बाजेवरून उठतायत, ओटा उतरतायत, गाडीवाटेने चालतायत. दवाखान्याच्या फरशीवर माणूस छान चालून दाखवतो आणि खरी अडचण तिथे दिसतच नाही.

हे सगळं झाल्यावरही उठायला हात लागत असेल, आप्पा वारंवार पडत असतील, तर मोटरच्या किंवा मायक्रोप्रोसेसरच्या गुडघ्याचा विचार जरूर करा. त्या वेळी विकत घेण्याआधी तो वापरून पाहायला मागा. काही विक्रेते चाचणीसाठी गुडघा देतात. दवाखान्यात दोन तास चालवून बघणं पुरेसं नाही, निदान काही आठवडे घरी हवा, कारण नव्या गुडघ्यावर विश्वास बसायलाच तेवढा वेळ जातो. पहिल्या दिवसांत माणूस मोटरशी झगडतो, तिचं काम तिला करू देत नाही. या काळात एक वही ठेवा. सकाळी किती वाजता पाय घातला आणि किती वाजता काढला. कितीदा पडले, कितीदा पडता पडता वाचले. बाजेवरून हाताशिवाय उठता आलं का. शेतात किती वेळ उभे राहिले. संध्याकाळी कातडी कशी होती. जुन्या पायावरही आधी दोन आठवडे हीच नोंद करून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? माझ्या मते या वहीतला सर्वांत बोलका आकडा वेगाचा नाही, पाय दिवसात किती तास अंगावर राहिला त्याचा आहे.

विक्रेत्याकडून काही गोष्टी लेखी घ्या. बॅटरी संपली की गुडघा काय करतो, ताठ राहतो की सैल सुटतो? शेतात अर्ध्या वाटेवर हे घडलं तर याच उत्तरावर आप्पा घरी येणार की नाही ते ठरेल. पाण्यात, चिखलात, धुळीत चालतो का? किती वाकतो? दुरुस्तीला कुठे पाठवायचा, त्या काळात दुसरा पाय देणार का? हमी किती वर्षांची, आणि ती संपल्यावर बॅटरीचा आणि वार्षिक तपासणीचा खर्च किती? शिंदखेड्याहून मुंबई-पुण्याची एक खेप म्हणजे आप्पांसोबत आणखी एका माणसाचे दोन दिवस आणि बुडालेली मजुरी, हेही हिशोबात धरा.

तुमच्याच तालुक्यातल्या कुणाचा पाय मधुमेहाने गेला असेल तर हे सगळं त्याला जसंच्या तसं लागू करू नका. तिथे उरलेल्या कातडीची जाणीव कमी असते, फोड आल्याचं कळत नाही, आणि दुसऱ्या पायालाही जपावं लागतं. त्यांनी जड पायाच्या भानगडीत पडण्याआधी डॉक्टरांशी नीट बोलावं.

आता पैशाचं. आप्पांचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, काढलं नसेल तर आधी ते काढा. अपंगत्वाचं प्रमाण ४० टक्के किंवा जास्त असेल आणि उत्पन्न मर्यादेत बसत असेल, तर केंद्राच्या एडिप योजनेतून पाय आणि इतर साधनं सवलतीत किंवा मोफत मिळतात. कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी त्यासाठी शिबिरं घेते. मोटरचा पाय त्यात बसत नाही. पण तुमच्या पत्रातली एक गोष्ट महत्त्वाची आहे : अपघात ट्रकच्या धडकेने झालाय. म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा दावा होतो, आणि त्यात कृत्रिम पायाचा खर्च मागता येतो. डिसेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाय गमावलेल्या एका अपघातग्रस्ताच्या दाव्यात कृत्रिम पायाची किंमत तर दिलीच, शिवाय असा पाय काही वर्षांनी बदलावा लागतो आणि त्याची देखभाल करावी लागते हे धरून त्यासाठीही वेगळी रक्कम दिली. बऱ्याच दाव्यांत घरचे नुसतं दवाखान्याचं बिल आणि बुडालेली कमाई लावतात, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं लागणारा पाय मागायचा राहून जातो. तुमचा दावा दाखल झाला असेल तर वकिलांना लगेच भेटा. झाला नसेल तर अजिबात वेळ घालवू नका, कारण आता अशा दाव्याला अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे, आणि ती उलटली असेल तर काय करता येईल हे वकीलच सांगतील. सॉकेट, गुडघा, पाऊल, व्यायाम आणि बदली यांचं सही-शिक्क्याचं अंदाजपत्रक हाजी अलीच्या तपासणीच्या दिवशीच मागून घ्या आणि दाव्याच्या कागदांना जोडा.